सुरतहून खान्देशात सून म्हणून आलात? आधार सेंटरला जाण्याआधी हे वाचा

उधन्याहून भुसावळकडच्या गाडीत बसायचं आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव यांपैकी एका स्टेशनवर नवऱ्यामागे उतरायचं. दर लग्नसराईत आपल्यासारख्या कितीतरी मुली अशा येतात. आजोबा पोटासाठी शिरपूर-शिंदखेड्याकडून सुरतेला गेले, आपण उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत वाढलो आणि लग्न करून पुन्हा आजोबांच्याच मुलखात आलो. घरात अहिराणी होतीच, कळण्याची भाकरीही नवी नाही. अडतं ते कागदांपाशी. आपले सगळे कागद गुजरातचे आणि पुढची सगळी कामं महाराष्ट्रात. मी अमळनेरला येऊन आता बरीच वर्षं झाली. नवी सून आली की तिची सासू तिला फायलीसकट माझ्याकडे पाठवते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

आधी हे ऐका: लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. माहेरचं नाव जन्मभर ठेवलंत तरी तुमचा मतदानाचा, रेशनचा, बँकेचा एकही हक्क कमी होत नाही. ज्यांची नोकरी, डिग्री, पासपोर्ट किंवा धंद्याचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर आहे त्यांना मी तरी सांगते, राहू द्या. सासरी कोणी कुरकुर केली तर पत्रिकेत, दारावरच्या पाटीवर हवं ते नाव लिहा की. आपल्याकडे तर पाटलाची लेक पाटलांच्याच घरात पडते. आडनाव तेच राहतं, फक्त मधलं नाव बापाऐवजी नवऱ्याचं, आणि तेवढ्यासाठी सगळी कपाटं उपसायची. तरीही बदलायचं ठरवलंत तर पूर्ण बदला. आधारला नवं नाव, पॅनला जुनं, बँकेत तिसरंच, अशी खिचडी झाली की मग तुम्ही कोण हे तुम्हालाच प्रत्येक खिडकीवर सिद्ध करत बसावं लागतं.

सुरतेच्या मुलींची खास अडचण म्हणजे ‘बेन’ आणि ‘भाई’. आपल्या कागदांवर बहुतेक वेळा ‘पाटील मनीषाबेन सुरेशभाई’ असं असतं. आडनाव आधी, नावाला बेन, बापाला भाई. इथल्या तहसीलच्या कारकुनाला मनीषा आणि मनीषाबेन या दोन बाया वाटतात, आणि त्याचं चुकतं असंही नाही, त्याला कागदाला कागद जुळवायचा असतो. म्हणून सगळ्यात आधी घरी बसून तुमच्याजवळचा प्रत्येक कागद काढा आणि कोणत्यावर बेन आहे, कोणत्यावर नाही, याची यादी करा. नंतर एका कोऱ्या पानावर नवं नाव मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. पाटीलमध्ये एक आय की दोन ई, चौधरीच्या शेवटी आय की वाय, हे त्या पानावर ठरलं की ठरलं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि यापुढे प्रत्येक फॉर्म त्यात बघूनच भरा.

आता लग्नाचा दाखला. बाकी सगळं याच्यावर उभं आहे. लग्न जिथे लागलं तिथेच नोंदवलंत तर कोणी प्रश्न विचारत नाही. सुरतेत लागलं असेल तर तिथे, खान्देशात लागलं असेल तर खेड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) आणि शहरात नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून 90 दिवसांत नोंद करायची असते. नंतरही होते, पण जास्तीची फी आणि ‘उशीर का झाला’ हे लिहून देणं आलं. पत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही एवढं लागतं. साक्षीदार जवळचे घ्या, सुरतेचा मामा एका सहीसाठी परत येणार नाही. इथे एक काळजी घ्या. दाखल्यावर वधूचं नाव म्हणून तुमचं माहेरचं नाव, आजच्या आधारवर जसं आहे तसंच, बेनसकट येऊ द्या. उत्साहात कोणी तिथे सासरचं नाव घातलं तर दाखला निकामी. जुन्या बाईचं लग्न या माणसाशी झालं, एवढंच त्याला सांगायचं असतं, नवीन नावाचा आधार तिथूनच मिळतो.

मग आधार. इथे घाई अजिबात नको, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शाळेत असताना बापाने स्पेलिंग दुरुस्त करून घेतलं असेल तर एक संधी तेव्हाच गेली. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर आधारची अपडेट हिस्ट्री दिसते, ती आधी बघा. बेन काढणं आणि सासरचं नाव लावणं ही दोन कामं दोन फेऱ्यांत करू नका, एकाच अर्जात उरका. सोबत लग्नाचा दाखला आणि ज्यावर बेन नाही असा एखादा कागद, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) किंवा पॅन, ठेवा. पत्ता आणि मोबाइल नंबरही त्याच अर्जात बदला. ऑक्टोबर 2025 पासून नाव-पत्त्याच्या दुरुस्तीची फी 75 रुपये झाली आहे, आणि एका वेळी कितीही रकाने बदलले तरी ती एकदाच लागते. मोबाइलचं विशेष सांगते, कारण बहुतेकींच्या आधारला बापाचा नंबर असतो. इथे रेशन दुकानात उभं राहून ओटीपीसाठी उधन्याला फोन लावायचा, आणि बाप तेव्हा कारखान्यात, मशीनच्या आवाजात.

सेंटरवर ऑपरेटर नाव टाइप करतो तेव्हा समोरच्या स्क्रीनवर डोळा ठेवा. इंग्रजी बरोबर टाकलं तरी मराठी रकाना मशीन आपोआप भरतं आणि मनीषाची मनिशा होते. प्रिंट काढून सही घेतात, तेव्हा दोन्ही ओळी अक्षर-अक्षर वाचा, मागे रांग कितीही ओरडू दे. गुजराती अक्षरं जाऊन मराठी आली का तेही बघा. पावतीवरचा नंबर जपा, काम कुठे अडलं ते त्याच्यावरूनच कळतं. तक्रारीसाठी 1947 हा नंबर आहे.

सेंटरबाहेरचा एजंट म्हणेल, ‘ताई, गॅझेट केल्याशिवाय होत नाही.’ होतं. फक्त मधलं नाव आणि आडनाव बदलायचं असेल तर लग्नाचा दाखला पुरतो. गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून आणणं, लागतं ते तांदळाच्या ताटात लिहिलेलं नवं पहिलं नाव कागदावर आणायचं असेल तर, किंवा कुठल्याच कागदावर बेनशिवाय नाव सापडत नसेल तर. काही सरकारी नोकऱ्यांतही मागतात. तेव्हा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, जुनं नाव, नवं नाव आणि कारण देऊन. पहिलं नाव बदलण्याची हौस घरापुरती ठेवा, असं माझं स्पष्ट मत. घरात लोक लक्ष्मी म्हणोत नाही तर गौरी, कागदावरची मनीषा आहे तिथे बरी आहे.

आधार हातात आलं की पॅन. नंबर तोच राहतो, कार्डावरचं नाव बदलतं. अर्जही ‘पॅनमधील बदल किंवा दुरुस्ती’ याचाच भरायचा. नवीन पॅनचा अर्ज भरून दुसरा नंबर घेतलात तर 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे, आणि गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे ही गफलत सर्रास होते. पॅनवर ‘वडिलांचे नाव’ असा वेगळा रकाना असतो. तिथे लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं. विवाहित आहात म्हणून तिथे नवऱ्याचं नाव घालायचं नसतं. म्हणजे वर ‘मनीषा राहुल पाटील’ आणि खाली ‘सुरेश पाटील’, हे कार्ड बरोबर आहे. बँकेतला नवखा क्लार्क त्यावर आक्षेप घेईल, तेव्हा न रागावता समजावून सांगा.

बँकेत आधार, पॅन आणि लग्नाचा दाखला दिला की खात्याचं नाव बदलतं, सहीचा नवा नमुनाही तेव्हाच द्या. सरकारी पैसा मात्र आधारला जोडलेल्या एकाच खात्यात पडतो. तुमचं आधार सुरतेच्या शाखेतल्या खात्याला जोडलेलं असेल तर लाडक्या बहिणीचे 1,500 तिकडेच जातील. इकडे खातं उघडून त्याला आधार सीडिंग करून घ्या. याच योजनेचे नवे अर्ज घेणं सुरू असेल तेव्हा ‘जन्म गुजरातचा, म्हणून अर्ज नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातल्या माणसाशी लग्न केलेल्या बाईला नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालतं. उत्पन्नाची आणि वयाची अट सगळ्यांना आहे तशीच.

रेशनचं सरळ आहे पण क्रम सोडू नका: माहेरच्या कार्डातून नाव कमी, त्याचा दाखला, मग इथे तहसीलच्या पुरवठा शाखेत सासरच्या कार्डात नाव चढवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाल तेव्हा झोक्यावर बसण्याआधी हे काम करून टाका. मतदार यादीसाठी नमुना 8, फी नाही, बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणाऱ्या गावातल्या कर्मचाऱ्याकडे) किंवा ऑनलाइन. लायसन्सचं काम आरटीओचं: जळगाव एमएच-19, धुळे एमएच-18, नंदुरबार एमएच-39. पासपोर्टला दुरुस्ती नसते, नव्या नावाने पुन्हा काढावा लागतो. परदेशी जायचं नसेल तर मुदत संपेपर्यंत हात लावू नका.

आता ज्यांना हातच लावायचा नाही ते कागद. दहावी-बारावीचं मार्कशीट, एलसी, डिग्री हे जन्माच्या नावानेच राहतं. नोकरीच्या अर्जाला जुनं नाव, नवं नाव आणि मध्ये लग्नाचा दाखला जोडायचा, बस. जातीचा दाखला तर नवऱ्याच्या नावाने मागूच नका. बाईची जात जन्माने ठरते, तिचे पुरावे बापाकडचे. आपल्या बाबतीत तर आजोबांच्या मूळ गावचे, कारण महाराष्ट्रात ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचं, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचं आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 पूर्वीचं वास्तव्य बघतात. आजोबा शिरपूरचे असतील तर दाखला शिरपूरच्या प्रांताधिकाऱ्याकडून, तुमचं सासर अमळनेरला असो नाही तर रावेरला. आजोबांच्या शाळेतली एक जुनी नोंद इथे दहा नव्या कागदांपेक्षा जड पडते. म्हातारी माणसं आहेत तोवर कुठल्या शाळेत होते ते विचारून ठेवा.

सातबाऱ्यावर वारस म्हणून माहेरचं नाव लागलं असेल तर तेही तसंच राहू द्या. महाराष्ट्र सरकारने मालमत्तेच्या कागदात बाईला लग्नाआधीचं नाव ठेवायची मुभा दिलेली आहे. आणि ‘नाव बदलतेच आहेस तर एक सही इथे पण कर’ म्हणत भावाने स्टॅम्प पेपर पुढे केला तर तो वाचा. बहुतेक वेळा ते हक्कसोडपत्र असतं. सही करायची की नाही तो तुमचा प्रश्न, मी करू नका म्हणणार नाही. पण नावाच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही, ते दुसऱ्या दिवशी, वेगळ्या डोक्याने करा.

शेवटचं, पहिल्या बाळंतपणाचं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे सुरतेला होतं, आणि जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, 21 दिवसांत. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं आलं आहे, त्यामुळे इथल्या शाळेत दाखल करताना तुमचं नाव बघतातच. दवाखान्यात भरती होताना रजिस्टरवर तुमचं नाव आई सांगेल तसं लिहू देऊ नका, आधार पुढे करा. आणि डिस्चार्जच्या आधी नवऱ्याला त्या खिडकीवर पाठवून जन्माच्या फॉर्मवर आईचं नाव, बापाचं नाव आणि स्पेलिंग तपासून घ्यायला लावा. फॉर्म महापालिकेत गेल्यावर दुरुस्तीसाठी अंगावरचं बाळ घेऊन सुरत-अमळनेर करावं लागतं.