पोस्टर लावून दंगा थांबत नाही: सलोख्याचं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

बडोद्यात गणपती जवळ आले की कॉलेजची मुलं सलोख्याचा प्रकल्प घेऊन दांडिया बाजार, रावपुऱ्यात फिरू लागतात. अशा गटांबरोबर मी काम करते. त्यांची तळमळ खरी असते, ती वाया गेलेली मला बघवत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आधीच पटलेल्यांना पटवत बसणं. आमच्या एका गटाने पोस्टर स्पर्धा घेतली, टाळ्या मिळाल्या. त्याच रात्री वाड्याच्या ग्रुपवर क्लिप आली: ‘मिरवणुकीवर दगडफेक, सगळे निघा.’ नीट पाहिलं तर मागच्या दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये होत्या! पण वातावरण निवळलं ते मंडळाच्या खजिनदारकाकांच्या एका ओळीने: ‘मी आत्ता तिथूनच आलोय, सगळं शांत आहे.’ म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा, तुमच्या आळीत लोक कुणाचं ऐकतात? त्या माणसाला सोबत घ्या.

‘हे खोटं आहे’ असं लिहून तीच क्लिप पुढे पाठवू नका. तिला आणखी पाय फुटतात. खरं काय ते आधी सांगा. अफवांवरून माणसं मारली गेल्यावर २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त ५ चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, इतका हा प्रश्न गंभीर आहे.

एखादा मित्र द्वेषाची भाषा बोलू लागला, तर ‘तू कट्टर झालास’ असा शिक्का मारू नका. ‘काय झालं रे?’ एवढंच विचारा आणि ऐका. अपमान, एकटेपणा, हातातून गेलेली नोकरी, मागे काहीही असू शकतं. मात्र ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. हत्यार, जागा, दिवस अशी भाषा आली की विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. धोका समोर असेल तर थेट ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

अमेरिकेत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘पीअर टू पीअर’ स्पर्धेत विद्यापीठांतले विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून द्वेष आणि कट्टरतेविरुद्ध मोहिमा आखत. तिथली घोषवाक्यं भाषांतरित करून इथे चिकटवू नका. ‘आपल्याला नेमकं कुणाशी बोलायचंय?’ हा प्रश्न तेवढा घ्या.

आणि परीक्षा आली की काम बंद, असं होऊ देऊ नका. कुणाचं कोण ऐकतं, कुठल्या मंडळाचा ग्रुप कोण चालवतो, हे एका वहीत लिहा. जूनमध्ये नवी मुलं आली की वही त्यांच्या हाती द्या आणि खजिनदारकाकांकडे त्यांना स्वतः घेऊन जा.