नवख्यांना सोबत घेऊन नाणेघाट चढताना

गिर्यारोहण संस्थेला नवख्या मंडळींना पहिल्यांदा डोंगरात न्यायचे असेल, तर मुरबाड–माळशेज रस्त्यावरील वैशाखरे गावाजवळून चढणारी नाणेघाटाची वाट निवडावी. कारण कल्याण-सोपाऱ्याची बंदरे जुन्नरशी जोडणाऱ्या या सातवाहनकालीन व्यापारी मार्गावर पायाखालच्या दगडांनाही इतिहास आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाला त्याचा दम, औषधे आणि भीती यांविषयी एकांतात विचारावे, चारचौघांत नव्हे. स्त्रियांसाठी आडोशाच्या जागा आधीच हेरून ठेवाव्यात. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि अनुभवी सदस्याने शेवटी राहावे. मागचा माणूस धापा टाकत पोहोचताच बाकीचे उठून चालू लागतात, ही आपल्याकडची सवय मला फार निष्ठुर वाटते. त्याचा श्वास पुरता स्थिरावेपर्यंत सर्वांनी थांबावे.

घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. तेथे निवांत बसवून माहिती सांगावी. मात्र अक्षरांना हात लावू देऊ नये आणि फोटोसाठी ती खडूने रंगवू तर मुळीच देऊ नयेत. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरेने सांगतात. त्यात कचरा दिसल्यास तो काढून खाली आणावा. जेवण शक्यतो गावातल्याच एखाद्या घरी, आदल्या दिवशी कळवून सांगावे.