लांब मुदतीचा खेळाडू-करार शेवटच्या वर्षापासून कसा वाचावा

विदर्भातल्या एखाद्या खेड्यातून क्रीडा प्रबोधिनीत किंवा खासगी अकादमीत पोहोचलेल्या मुलाच्या अथवा मुलीच्या घरी कधीतरी एक कागद येतो. तो आणणारा माणूस क्लबचा असो की खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या एजन्सीचा, तो बोट ठेवतो ते पहिल्या पानावरच्या रकमेवर आणि मुदतीवर. दहा वर्षांचा आकडा दिसला की घरच्यांना वाटते, पोराचे दहा वर्षांचे भागले. प्रत्यक्षात मुदत लांबल्याने धोका नाहीसा होत नाही. तो फक्त शेवटच्या वर्षांकडे ढकलला जातो. म्हणून असा करार शेवटच्या वर्षापासून मागे वाचत यावे आणि प्रत्येक वर्षापाशी एकच प्रश्न विचारावा : या वर्षी काही बिघडले तर नुकसान कोणाच्या अंगावर येणार?

हा प्रश्न का महत्त्वाचा, हे उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या उदाहरणांवरून चांगले कळते. तिकडची हॉकी बर्फावरची, आपली मैदानावरची. पण इतक्या लांब मुदतीचे करार आणि त्यांचे परिणाम दुसरीकडे क्वचितच इतके उघडपणे पाहायला मिळतात. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम वादात बुडाल्यानंतर तिथे प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली, आणि त्या मर्यादेत खेळाडूचा वार्षिक सरासरी पगार धरला जाऊ लागला. संघांनी यातून वाट काढली. सुरुवातीच्या वर्षांत भरघोस रक्कम द्यायची आणि शेवटी नाममात्र पगाराची वर्षे जोडून सरासरी खाली आणायची. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकशी केलेला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार याचा नमुना होता. त्यातले साडेनऊ कोटी पहिल्या दहा वर्षांतच मिळणार होते आणि शेवटच्या पाच वर्षांना प्रत्येकी साडेपाच लाख होते. मुदत संपताना तो ४४ वर्षांचा झाला असता. पहिले पान वाचणाऱ्याला हे दिसले नसते. शेवटचे पान वाचणाऱ्याला लगेच दिसले असते. लीगने तो करार नाकारला, लवादानेही लीगची बाजू उचलून धरली, आणि मग १५ वर्षांचा, १० कोटींचा नवा करार झाला. तोही टिकला नाही : २०१३ मध्ये, बारा वर्षे व ७ कोटी ७० लाख डॉलर शिल्लक असताना, कोवालचुक निवृत्ती जाहीर करून रशियात खेळायला गेला.

दुखापतीचे उदाहरण गोलरक्षक रिक डिपिएट्रोचे. न्यूयॉर्क आयलंडर्सने २००६ मध्ये त्याच्याशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. पुढे दुखापतींनी त्याला मैदानाबाहेरच ठेवले आणि २०१३ मध्ये संघाने करार मोडला. तिथल्या नियमाप्रमाणे अशा वेळी उरलेल्या पगाराचे दोन-तृतीयांश, उरलेल्या मुदतीच्या दुप्पट वर्षांत द्यावे लागतात. आठ वर्षांचे ३ कोटी ६० लाख उरले होते; त्याचे २ कोटी ४० लाख झाले आणि दरवर्षी १५ लाख डॉलर असे सोळा वर्षे, म्हणजे २०२९ पर्यंत, देणे ठरले. मिनेसोटा वाइल्डने २०१२ मध्ये झॅक पॅरिसे व रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांसाठी ९ कोटी ८० लाख दिले आणि २०२१ मध्ये दोघांचेही करार मोडले; २०२३-२४ मध्ये संघाच्या ८ कोटी ३५ लाखांच्या पगारमर्यादेतले १ कोटी ४७ लाख संघात नसलेल्या या दोघांपोटीच अडकून पडले. लीगने २०१३ पासून स्वतःच्या खेळाडूसाठी आठ आणि बाहेरून घेतलेल्यासाठी सात वर्षांची मर्यादा घातली, ती २०२६ पासून सात आणि सहावर येत आहे.

करार मोडण्याच्या या उदाहरणांत तोटा संघांना झाला, कारण तिथले पगार बहुतांशी हमीचे असतात. आपल्या हाती आलेल्या करारात ती हमी आहे का, हे मुदतीच्याही आधी शोधावे. ‘क्लब तीस दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकेल’ असे एखादे कलम मागच्या पानावर असेल आणि खेळाडूला तशी मुभा नसेल, तर दहा वर्षे फक्त खेळाडू बांधलेला आहे, क्लब नाही. माझ्या मते असा करार कितीही मोठ्या रकमेचा असला तरी आहे तसा सही करू नये.

वाचताना एका कोऱ्या कागदावर प्रत्येक वर्षासमोर खेळाडूचे वय, निश्चित मिळणारी रक्कम, अटींवर अवलंबून असलेली रक्कम आणि त्या वर्षी करार कोण सोडू शकतो, हे लिहून काढावे. सोळाव्या वर्षी दहा वर्षांचा करार केला, तर उमेदीची बहुतेक वर्षे कोवळ्या वयात ठरलेल्या भावातच जातात, हे या कागदावर चटकन दिसते. आपल्याकडे सालदारसुद्धा पाडव्याला वर्षभरासाठीच ठरतो आणि पुढच्या पाडव्याला दोघेही नव्याने बोलतात. खेळाडूचा भाव तर त्याहून वेगाने बदलतो. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनेही करारांना सर्वसाधारणपणे पाच वर्षांची आणि अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी तीन वर्षांची मर्यादा ठेवली आहे. दोन-तीन वर्षांची मुदत मागावी, आणि ती वाढवण्याचा अधिकार एकट्या क्लबकडे नसावा.

लीगच बंद पडली तर काय, हेही विचारावे. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ नंतर थांबली आणि थेट डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. मधल्या काळातले पैसे आणि दुसरीकडे खेळण्याची मोकळीक यांविषयी करार गप्प असेल, तर ते लिहून घ्यावे. दुखापतीत उपचाराचा खर्च कोणी करायचा आणि त्या काळात मानधन चालू राहील का, याचेही तसेच. शिवाय राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अशी नोकरी लागल्यास क्लबने अडवू नये, ही ओळ ग्रामीण घरासाठी मानधनाइतकीच मोलाची आहे.

कायद्याची थोडी माहिती असावी. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, म्हणून सही पालकांकडून घेतली जाते. अशा वेळी रक्कम परत करण्याची किंवा दंडाची जबाबदारी पालक स्वतःवर घेत आहेत का, ते पाहावे. याच कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारे करार तेवढ्यापुरते निरर्थक ठरवते. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमाच्या आधारे, मुदत संपल्यानंतरही खेळाडूला जुन्या एजन्सीशी बांधून ठेवणारी अट अमान्य केली. मात्र मुदत चालू असतानाची बंधने वेगळ्या नजरेने पाहिली जातात, आणि म्हणूनच मुदतीचा आकडा इतका महत्त्वाचा.

वाद कुठल्या न्यायालयात चालेल, हे बहुधा शेवटच्या कलमात असते. तिथे मुंबई किंवा दिल्ली लिहिलेली असेल, तर धानोऱ्याच्या किंवा मेळघाटातल्या कुटुंबाला दाद मागणेच परवडत नाही. नागपूर किंवा आपला जिल्हा लिहून मागावा. करार इंग्रजीत असल्यास मराठी भाषांतर मागावे, ते वाचायला निदान आठवडा घ्यावा आणि सही झालेली प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो; स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट नसते.