रक्ताभिसरण शिकताना या चुका टाळा

शरीरशास्त्राचा अभ्यास नव्याने सुरू करणारा विद्यार्थी, मग तो आठवीतला असो वा नर्सिंगच्या पहिल्या वर्षातला, रक्ताभिसरणाच्या प्रकरणात हमखास अडखळतो. रक्ताची वाट समजून घेण्याआधीच भागांची नावे पाठ केलेली असतात, हे त्याचे मुख्य कारण होय.

सर्वांत खोलवर रुजलेली चूक म्हणजे धमनीत शुद्ध आणि शिरेत अशुद्ध रक्त असते, ही समजूत. धमनी आणि शिरा यांतील फरक रक्तातील ऑक्सिजनवरून ठरत नाही, तर प्रवाहाच्या दिशेवरून ठरतो: हृदयाकडून रक्त दूर नेते ती धमनी आणि हृदयाच्या दिशेने परत आणते ती शिरा. उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यातून) निघणारी फुप्फुस धमनी कमी ऑक्सिजनचे रक्त नेते, फुप्फुस शिरा ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या, रक्त स्वीकारणाऱ्या कप्प्यात) आणते, आणि गर्भाच्या नाळेतही ऑक्सिजन शिरेतूनच बाळाकडे जातो. ही उदाहरणे अपवाद म्हणून घोकू नयेत. व्याख्या दिशेवर बेतली की ती आपोआप नियमात बसतात.

दुसरी चूक आकृतीतून येते. पुस्तकात शिरा निळ्या रंगवतात त्या केवळ ओळखण्याच्या सोयीसाठी. मनुष्याचे रक्त निळे कधीच नसते. ऑक्सिजन कमी झाला की ते गडद लाल दिसते, आणि मनगटावरच्या शिरा निळसर भासतात ते प्रकाश त्वचेतून जाऊन परततो त्यामुळे. शिवाय आकृतीतील हृदय आपल्यासमोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे असते, म्हणून कागदाच्या डावीकडे दिसणारा भाग हा हृदयाचा उजवा भाग असतो. नावे देण्यापूर्वी वर कोपऱ्यात 'उजवा' आणि 'डावा' असे लिहून घेतले, तर परीक्षेतील निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

डाव्या निलयाची भिंत जाड असते, यावरून ते अधिक रक्त ढकलत असावे, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. वास्तविक दोन्ही निलये दर ठोक्याला जवळपास सारखेच, म्हणजे विश्रांतीच्या वेळी साधारण 70 मिलिलिटर, रक्त बाहेर टाकतात. फरक दाबाचा आहे: डाव्या निलयाला संपूर्ण शरीरासाठी पाऱ्याच्या सुमारे 120 मिलिमीटर इतका दाब निर्माण करावा लागतो, तर उजव्याला शेजारच्या फुप्फुसांसाठी सुमारे 25 पुरतो. मिनिटाला 72 ठोके धरून 70 मिलिलिटरशी गुणाकार केल्यास प्रत्येक निलय मिनिटाला बाहेर टाकत असलेल्या सुमारे पाच लिटर रक्ताचा आकडा स्वतःच हाती येतो, आणि असा काढलेला आकडा विसरला जात नाही.

हृदयाचे स्नायू आतल्या कप्प्यांतील रक्तावर पोसले जातात, हाही एक गैरसमजच. डाव्या निलयातून निघणाऱ्या महाधमनीच्या उगमाशी फुटणाऱ्या हृदयधमन्या त्यांना रक्त पुरवतात, आणि म्हणूनच त्यांतील एखादी तुंबली की कप्पे रक्ताने भरलेले असूनही हृदयविकाराचा झटका येतो.

पाठांतराऐवजी निरीक्षणाचा आधार घ्यावा, यासाठी इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांच्या 1628 मधील ग्रंथातला प्रयोग मला आजही अतुलनीय वाटतो. हात खाली सोडून पुढच्या बाहूवरील ठसठशीत शिरा निवडावी, एका बोटाने ती दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त कोपराच्या दिशेने हलकेच सारावे. शिरेच्या आतली झडप ओलांडल्यावर दुसरे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो, कारण झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. पहिले बोट काढताच तो खालून भरतो. धमन्यांतून शिरांत रक्त पोहोचते कसे, हे मात्र हार्वे यांना दाखवता आले नाही. या दोहोंना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या, म्हणजे केशिका, इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिघी यांनी 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

शेवटची चूक प्रकरणे सुटी वाचण्याची. पायाच्या अंगठ्यातून निघालेली रक्तपेशी मेंदूत कशी पोहोचेल, हे स्वतःला विचारावे. उजवे हृदय, फुप्फुसे आणि डावे हृदय हा टप्पा उत्तरात गाळला असेल, तर दुहेरी अभिसरण, म्हणजे एका फेरीत रक्त हृदयातून दोनदा जाणे, अजून कळलेले नाही. मग तोच प्रश्न लहान आतड्यात शोषलेल्या ग्लुकोजबाबत विचारावा. तेथील रक्त थेट हृदयाकडे न जाता प्रतिहारी शिरेने आधी यकृतात शिरते, तिथल्या केशिकांमध्ये पुन्हा पसरते आणि नंतरच अधोमहाशिरेतून (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या शिरेतून) उजव्या अलिंदात येते.