कलामहोत्सवाची तयारी: शेवटच्या मिनिटापासून मागे

पुण्यात तीन दिवसांचा संगीत, नृत्य आणि नाटकांचा महोत्सव करायचा असेल, तर कलाकारांची नावे चर्चेला घेण्याआधी तारीख, जागा आणि रोजचा कार्यक्रम संपण्याची वेळ या तीन गोष्टी कागदावर पक्क्या कराव्यात आणि बाकीची आखणी त्या शेवटच्या वेळेपासून मागे मोजत यावी. मोठे नाव आधी ठरवून त्याच्याभोवती कार्यक्रम रचला, की उरलेल्या कलाकारांच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो आणि ते ऐकणाऱ्यालाही जाणवते.

तारीख निवडताना शहराचे वर्ष समोर ठेवावे. आषाढी वारीच्या पालख्या मुक्कामाला असताना पेठांतले रस्ते बंद असतात, गणेशोत्सवात माणसे मांडवांकडे वळलेली असतात, डिसेंबरात शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो आणि बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की घरेच्या घरे संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. मोठ्या महोत्सवाला लागून तारीख घेऊ नये, कारण प्रश्न केवळ रसिकांचा नसतो. तबला-पेटीचे साथीदार, ध्वनिव्यवस्था सांभाळणारे आणि प्रकाशयोजनाकार दोन्हीकडे बहुधा तेच असतात. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे मला सर्वांत सोयीचे वाटतात.

जागा कार्यक्रमाच्या जातीप्रमाणे घ्यावी. बालगंधर्व रंगमंदिर किंवा कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह मोठ्या नाटकाला आणि समूहनृत्याला योग्य आहे. दोन पात्रांचे प्रायोगिक नाटक मात्र सुदर्शन रंगमंचासारख्या लहान, जवळच्या जागेतच खुलते. नाट्यगृहाचे आरक्षण सत्रांनुसार मिळते, म्हणून आपल्या सत्राआधी कोणता प्रयोग आहे आणि त्याचे नेपथ्य उतरून रंगमंच प्रत्यक्ष किती वाजता हाती येईल, हे व्यवस्थापकांना आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. शनिवार-रविवारच्या तारखांना व्यावसायिक नाटकांची मागणी असते, तेव्हा अर्ज लवकर करावा.

महोत्सव मैदानावर असेल, तर रात्री दहाची मर्यादा अटळ धरावी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य शासन वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण आपली तारीख त्या यादीत आहे असे गृहीत धरू नये. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, म्हणून मैदान ठरवण्याआधी भोवतालचा परिसर पायी फिरून पाहावा. बंद सभागृहाला या नियमात वेगळी वागणूक आहे.

रात्री दहाच्या मर्यादेचा खरा परिणाम रागांवर होतो, कारण प्रत्येक रागाची गाण्याची वेळ परंपरेने ठरलेली असते, आणि आखणीतला सर्वांत मोलाचा विचार येथेच करावा लागतो. 1953 साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी रात्रभर मैफली चालत, त्यामुळे मालकंस, दरबारी असे उत्तररात्रीचे राग आपापल्या वेळी ऐकायला मिळत. आता संध्याकाळच्या सत्रात हे राग घाईने किंवा अवेळी येतात. त्यावर उपाय म्हणजे एक दिवस सकाळचे सत्र ठेवणे. तोडी, भैरव या सकाळच्या रागांपासून दुपारच्या सारंगापर्यंतचा मोठा प्रदेश त्यामुळे मोकळा होतो. मारवा, पूरिया धनाश्री, श्री या संधिप्रकाश, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळच्या, रागांना जेमतेम तासाभराचा अवकाश असतो आणि नेमका तोच तास दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणांत जातो. म्हणून उद्घाटन दुपारीच उरकावे आणि सूर्यास्ताच्या वेळी गायक मंचावर असावा. राग कोणता गावा हे कलाकाराला सांगू नये, परंतु आधीच्या कलाकाराने काय गायले ते त्याला कळवण्याची जबाबदारी एका जाणत्या कार्यकर्त्याकडे द्यावी. लागोपाठ दोन यमन झाले तर दोघांवरही अन्याय होतो.

प्रत्येक गायकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला तो षड्ज धरतो तो सूर, महिनाभर आधी लेखी मागवावी. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा तबला काळी चारच्या गायिकेला चालत नाही, तिथे मोठ्या तोंडाचा तबला लागतो, आणि हे तबलजीला आयत्या वेळी कळून उपयोग नाही. तंबोरे वातानुकूलित खोलीत जुळवून उष्ण दिव्यांखाली आणले की उतरतात, म्हणून मंचासारखीच हवा असलेल्या जागी ते जुळवावेत आणि मंचावर पुन्हा जुळवण्यासाठी निवेदकाच्या वेळापत्रकात पाच-सात मिनिटे राखावीत. दोन कार्यक्रमांतला हा वेळ वेळापत्रकात उघडपणे लिहावा, नाहीतर तो कलाकाराच्या वेळेतून कापला जातो.

नाटक आणि कथक एकाच दिवशी असतील, तर कथक आधी ठेवावे. नाटक आधी झाले, तर नेपथ्याचे खिळे आणि पिना फळ्यांत राहतात, आणि नर्तक अनवाणी असतो. तसा क्रम लावावाच लागला, तर दिवे पूर्ण लावून एका माणसाने गुडघ्यावर बसून हाताने रंगमंच तपासावा, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. कथकसाठी गालिचा अंथरू नये; तत्काराचा, म्हणजे पायांच्या ठेक्याचा, नाद लाकडातून यावा लागतो.

परवानग्यांमध्ये पोलीस, महानगरपालिका आणि अग्निशमन दल यांच्याकडचे अर्ज एकाच व्यक्तीने पाहावेत. नाटकांच्या बाबतीत संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाचे, प्रमाणपत्र आहे का आणि लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आहे का, हे नाटक करणाऱ्या संस्थेकडून कागदोपत्री घ्यावे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क कायम असतो, त्यामुळे जुने नाटक म्हणजे मोकळे नाटक असे समजू नये.

मानधनाचे पत्रक करताना मुख्य कलाकाराबरोबर साथीदारांची रक्कम वेगळी लिहावी, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांनाही त्यात स्थान द्यावे. या सर्वांची पाकिटे खजिनदाराने नावानिशी दुपारीच तयार ठेवावीत, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर साथीदाराला गाडीची वेळ सांभाळत मानधनासाठी कोणाला शोधत फिरावे लागत नाही.