विलायती टपालाच्या आगबोटींचे करार : लिहिताना या चुका टाळा

मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या टपालाच्या इतिहासावर अलीकडे मराठीत बरेच लिहिले जाते. जुन्या पाकिटांचे संग्राहक, इतिहासाचे विद्यार्थी आणि बंदरांच्या इतिहासात रमणारे हौशी अभ्यासक आपली टिपणे मला वाचायला देतात, आणि त्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. सरकारने आगबोट कंपनीशी केलेला करार म्हणजे पत्रांच्या वाहतुकीचे भाडे ठरवणारा कागद, असे लिहिणारा मनाशी धरून चालतो. सरकार विकत घेत होते ते वेळापत्रक : ठरल्या दिवशी बोट सुटेल, ठरल्या तासांत पुढच्या बंदराला पोचेल आणि उशीर झाल्यास कंपनी दंड भरेल. बोटीत एक पिशवी असो की शंभर, ती सुटलीच पाहिजे, यासाठी ते पैसे होते. हे ध्यानात न घेता केलेली आकडेमोड कुठे घेऊन जाईल, याचा नेम नसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मार्गाची आहे. १८५० आणि १८६० च्या दशकांत मुंबईहून निघालेले टपाल सुएझपर्यंत एकाच बोटीने जाई, तिथून इजिप्तचा भूभाग ओलांडून अलेक्झांड्रियाला पोचे आणि मग त्याच्या दोन वाटा होत. जड आणि स्वस्त टपाल माल्टा, जिब्राल्टर असा वळसा घेऊन समुद्रमार्गे साउदॅम्प्टनला जाई; घाईचे टपाल मार्सेल्सला उतरून फ्रान्समधून रेल्वेने लंडन गाठी. दुसऱ्या वाटेने पाच-सहा दिवस वाचत, पण फ्रान्सचा वाटा द्यावा लागत असल्यामुळे दर जास्त पडे आणि आकारणी पाव औंसाच्या हिशेबाने होई. त्या काळची मार्सेल्समार्गे गेलेली पत्रे पातळ कागदावर, दाटीवाटीने लिहिलेली असतात, त्याचे कारण हेच. उलट दिशेलाही हाच प्रकार होता : साउदॅम्प्टनची पिशवी आधी निघे, मार्सेल्सची नंतर, आणि दोन्ही इजिप्तमध्ये एकत्र येऊन मुंबईत एकाच दिवशी उतरत.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर प्रबंध लिहिणारा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. हुशार होता, पण सादरीकरणाची तारीख जवळ आल्याने घायकुतीला आला होता. विक्रीसाठी मांडलेल्या पाकिटांची छायाचित्रे गोळा करून त्याने मुंबईचा शिक्का आणि लंडनचा शिक्का यांतील दिवस मोजले होते आणि त्यांचा मोठा तक्ता केला होता. एकाच बोटीने गेलेली काही पत्रे लवकर पोचली आणि काही उशिरा, असे त्याला दिसले. त्यावरून कंपनी कराराचा भंग करून बड्या व्यापारी पेढ्यांची पत्रे आधी पोचवत होती, असा निष्कर्ष काढून त्याने त्यावर एक आख्खे प्रकरण रचले होते. मी त्याला पाकिटांच्या डाव्या कोपऱ्यांकडे बघायला सांगितले. लवकर पोचलेल्या जवळजवळ प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने मार्सेल्सचा मार्ग लिहिलेला होता. पेढ्या जास्त पैसे भरत होत्या आणि जास्त वेगाची वाट घेत होत्या. त्यात कंपनीचा पक्षपात कुठेच नव्हता.

तेवढ्यावर भागले नाही. उरलेल्या तफावतीचा बराचसा भाग जून ते ऑगस्टच्या पत्रांचा होता. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर मुंबईहून एडनकडे जाणारी बोट मंदावते, हे कोकणच्या किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगावे लागत नाही. करार करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते, आणि म्हणून पावसाळ्यात मुंबईहून टपाल सुटण्याचा दिवस वेगळा ठेवला जाई. विद्यार्थ्याने बाराही महिन्यांची सरासरी एकत्र काढली होती. शेवटी ते प्रकरण त्याला काढून टाकावे लागले आणि सादरीकरण पुढे गेले. शिक्के मोजणे सोपे असते आणि त्यातून पटकन आकडे मिळतात, म्हणून नवशिके आधी तेच करतात. माझी सवय उलटी आहे. वहीत पाकिटाची नोंद करताना मी आधी मार्ग लिहिते, मग महिना, मग दर, आणि तारखा सर्वांत शेवटी. पाकिटाची मागची बाजू पाहिल्याशिवाय तर मी नोंदच करत नाही, कारण पोचल्याचे शिक्के बहुधा तिथेच असतात.

दुसरी चूक सुएझ कालव्याची. कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला, म्हणून १८७० पासून मुंबईचे टपाल कालव्यातून जाऊ लागले, असे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की आता ते दिसताच बाकीचा लेखही मी संशयाने वाचते. कालवा बांधला गेला म्हणून करार बदलत नाही. टपाल नेणाऱ्या पी. अँड ओ. (पेनिन्शुलर अँड ओरिएंटल) या आगबोट कंपनीचा त्या वेळचा करार कालव्याच्या आधीचा होता आणि त्यात टपाल इजिप्तमधून रेल्वेने जाईल असे गृहीत होते. अलेक्झांड्रिया-कैरो लोहमार्ग १८५६ मध्ये आणि कैरो-सुएझ लोहमार्ग १८५८ मध्ये तयार झाला होता, आणि लंडनच्या टपाल खात्याच्या मते रेल्वे हीच भरवशाची व वेगाची वाट होती. कालव्यातून जाण्याची मुभा हवी असेल तर कंपनीने करारापोटी मिळणारे सरकारी अनुदान कमी करून घ्यावे, अशी खात्याची भूमिका होती. परिणामी बोट कालव्यातून जाई, पण टपालाच्या पिशव्या अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेने सुएझला नेल्या जात आणि तिथे पुन्हा बोटीवर चढवल्या जात. जड टपालाला पुढे १८७४ मध्ये कालव्याची परवानगी मिळाली. घाईच्या टपालाचा इजिप्तमधला रेल्वेप्रवास मात्र १८८८ पर्यंत चालू राहिला. म्हणजे कालवा उघडल्यावर जवळजवळ दोन दशके आपले घाईचे टपाल कालव्याला समांतर जमिनीवरून धावत होते.

या चुकीवर माझा उपाय साधा आणि थोडा कंटाळवाणा आहे. कोणत्याही वर्षाबद्दल लिहिण्याआधी मी त्या वर्षी लागू असलेल्या कराराची कलमे हाताने उतरवून घेते : कोणती बंदरे, कोणत्या तारखा, इजिप्तमध्ये कोणती वाट, किती अनुदान, कोणता दंड. ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत बरेच करार छापलेले आहेत. कंपनीच्या गौरवासाठी लिहिलेले इतिहास वाचून हे काम होत नाही, कारण त्यांत बोटींची वर्णने भरपूर आणि कलमे तुरळक असतात. ज्यांना कलमे वाचायचा कंटाळा आहे, त्यांनी बोटींच्या चित्रांवर लिहावे. टपालाच्या करारांवर लिहू नये.

कंपनीच्या नावाबद्दलही घाई होते. पी. अँड ओ. चे आधीचे रूप असलेल्या पेनिन्शुलर कंपनीला पहिला करार १८३७ मध्ये मिळाला, तो स्पेन-पोर्तुगालच्या बंदरांसाठी होता. अलेक्झांड्रियापर्यंतचा करार आणि राजसनद १८४० ची. आणि ‘हिंदोस्तान’ ही तिची बोट १८४२ च्या सप्टेंबरात साउदॅम्प्टनहून कलकत्त्यासाठी निघाली. यावरून १८४२ पासून मुंबईचे टपालही याच कंपनीकडे होते, असे लिहिले जाते. ते चूक आहे. मुंबई-सुएझ मार्ग ईस्ट इंडिया कंपनीने १८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याच आरमाराच्या आगबोटींकडे ठेवला होता. त्याच कारणाने १८३० ची ‘ह्यू लिंडसे’ ही करारांच्या इतिहासात घालू नये. मुंबईत बांधलेली ही ४११ टनांची बोट २० मार्चला मुंबईहून निघून २२ एप्रिलला सुएझला पोचली, एडनपर्यंत जाताना तिचा कोळसा संपत आला होता, आणि एडनला कोळशाचे ठाणे का लागले हे तिच्यावरूनच कळते. पण ती सरकारी बोट होती, कंत्राटाची नव्हे.

मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानचे विलायती टपालाचे बंदर पहिल्यापासून होते, हाही गैरसमज आहे. मार्च १८७० मध्ये जबलपूरजवळ मुंबई आणि कलकत्त्याचे लोहमार्ग जोडले गेले, त्यानंतर ते स्थान पक्के झाले. त्याआधी कलकत्ता आणि मद्रासचे टपाल सिलोनमधल्या गॉलवरून स्वतंत्र बोटीने जात असे.

१८३७ ते १८६० या काळात हे करार टपाल खात्याकडे नव्हे, तर नौदलाच्या ॲडमिरल्टीकडे होते. कागद तिथे शोधावेत.

१८६८ पासून बोटीवरच टपालाची छाननी करणारे समुद्री टपाल कार्यालय सुरू झाले. त्याचा शिक्का दिसला म्हणून पत्र वाटेतल्या एडनसारख्या बंदरात टाकले होते, असे लिहू नये.

इजिप्तमार्गे टपाल नेण्यासाठी खटपट करणाऱ्या टॉमस वॅगहॉर्नला भूमार्गाच्या, म्हणजे इजिप्तमधून जमिनीवरून जाणाऱ्या, टपालाचा एकमेव जनक ठरवणेही थांबवावे. त्याची धडपड मोठी होती, पण वेळापत्रक करारांनी चालवले.

बोटीवरच्या माणसांना वगळणे ही चूक मला विशेष खुपते. करारात खलाशांची नावे नसतात, म्हणून लेखातही ती माणसे नसतात. पी. अँड ओ. च्या टपालबोटींवर डेकवर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी असत आणि प्रवाशांच्या सेवेला गोव्याचे लोक. ही माणसे एका कराराच्या केंद्रस्थानी आली, ती ऑस्ट्रेलियात. तिथल्या १९०१ च्या टपाल व तार कायद्याने असे ठरवले की, ऑस्ट्रेलियाच्या सरकारने केलेल्या टपाल करारात फक्त गोऱ्या मजुरांना कामावर ठेवण्याची अट असलीच पाहिजे. पी. अँड ओ. ने आपले हिंदी खलाशी काढले नाहीत. ती ब्रिटिश सरकारच्या कराराखाली ऑस्ट्रेलियाला टपाल नेत राहिली, आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारचा करार ओरिएंट या दुसऱ्या आगबोट कंपनीकडे गेला. रत्नागिरीच्या एखाद्या घरात जुन्या बोटीवरच्या नोकरीचा कागद सापडला, तर तो या वादाशेजारी ठेवून वाचावा.

शेवटी पैसा. या मार्गाचे अनुदान केवळ लंडनच्या तिजोरीतून जात नव्हते. त्यातला वाटा हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जात होता, आणि अनुदानावर लिहिताना हे न सांगणे अन्यायाचे आहे. तो वाटा रुपयांत मांडताना बहुतेक जण एक पौंड म्हणजे दहा रुपये हा दर सगळ्या शतकाला लावतात. १८७० च्या दशकापर्यंत तो साधारण ठीक आहे. त्यानंतर चांदीचा भाव पडत गेला, १८९० च्या दशकाच्या मध्याला रुपया सुमारे तेरा पेन्सपर्यंत घसरला आणि शतकाच्या अखेरीस सोळा पेन्सवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांवर, स्थिर झाला. पौंडातला आकडा तसाच राहिला तरी इथल्या करदात्यावरचे ओझे दीडपट झाले. म्हणून मी आकडा मूळ पौंडातच ठेवते, त्याच्या पुढे त्या वर्षाचा दर लिहिते आणि मगच रुपये काढते.