भुजंगप्रयात लिहिताना नियम कुठे पाळावा आणि कुठे मोडावा

कवितेत नियम हवेत की नकोत, हा वाद घालण्यापूर्वी एखादे वृत्त हाताळून पाहावे; त्यासाठी भुजंगप्रयात सोयीचे आहे, कारण ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात असल्याने त्याची चाल बहुतेकांच्या कानांत आधीच बसलेली असते. याच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे आणि चार ‘य’ गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु (उच्चाराला आखूड-लांब-लांब अक्षरे) हा क्रम चार वेळा, असतो.

‘पुन्हा पावसाने दिली हाक दारी’ ही ओळ घ्या. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरु मानावे, हा नियम डोळे मिटून लावला, तर ‘पुन्हा’तला ‘पु’ गुरु ठरून ओळ पहिल्याच अक्षराला अडखळेल. पण मराठी उच्चारात ‘न्हा’चा आघात ‘पु’वर येत नाही, म्हणून तो लघुच राहतो. अशा वेळी कागदापेक्षा कानाचे ऐकावे.

वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घात बदल करण्याची मुभा शुद्धलेखनाचे नियमही कवीला देतात. तथापि प्रत्येक ओळीत ती घ्यावी लागत असेल, तर शब्दच बदलावा, आणि मात्रा भरण्यासाठी ‘हो’, ‘रे’, ‘गे’ घुसडणे तर (नवोदितांचा हा लाडका उपाय!) सरळ टाळावे.

आशय वृत्तात मावतच नसेल, तर ती कविता खुशाल मुक्तछंदात लिहावी. मात्र तिथेही प्रत्येक ओळ जिथे तोडली, तिथेच का तोडली, हे मोठ्याने वाचून तपासावे.